कडी-कोयंड्याचा प्रश्न आणि कॅमेऱ्याचं उत्तर

कोल्हापुरात एखादा बंगला फुटला की दुसऱ्या दिवशीच्या बातमीत एक वाक्य हमखास असतं: 'चोरट्यांनी बंद घराचा कडी-कोयंडा उचकटून आत प्रवेश केला.' आर. के. नगर असो, पाचगाव असो, उजळाईवाडी असो की कळंबा. ठिकाण बदलतं, तोळे बदलतात, हे वाक्य बदलत नाही. आणि त्या दिवशी गल्लीत जी चर्चा होते तिच्यात नेमका त्या कोयंड्याचा विषय कुणी काढत नाही. बोललं जातं ते दोनच प्रकारे. एक म्हणतो, "आता कॅमेरे बसवून घेतलेच पाहिजेत." दुसरा म्हणतो, "चोराला यायचंच असलं तर तो कुठूनही येतोय, काय उपयोग?" ऐकणाऱ्याला वाटतं, हे दोघं वाद घालताहेत. खरं तर दोघं एकच सांगताहेत: साध्या, स्वस्त उपायांनी घर राखता येत नाही. मला हे साफ अमान्य आहे. या समजापायी ऐपत असलेली माणसं वीस-पंचवीस हजारांचे कॅमेरे घेतात आणि पत्र्याचा कोयंडा तसाच ठेवतात. ज्यांची ऐपत नाही ती नशिबावर हवाला ठेवून गावाला जातात. नुकसान दोघांचंही होतं.

दुसऱ्याचं बोलणं आधी घेतो, कारण ते जास्त घातक आहे. 'यायचंच असलं तर' या शब्दांत असं धरून चाललंय की चोर निघतानाच तुमचं घर ठरवून निघतो. सराफी दुकान हेरणारी टोळी तसं करत असेल. पण बंद घरं फोडणारा बहुतेक वेळा संधी शोधत फिरत असतो. दुचाकीवरून कॉलनीत एक चक्कर मारायची. कुठं कुलूप लोंबतंय, कुठं गेटच्या आत तीन दिवसांचे पेपर पडलेत, कुठं भर दुपारी पोर्चमधला दिवा जळतोय ते बघायचं, आणि दहा घरांतलं सगळ्यात सोपं घर धरायचं. लॉरेन्स कोहेन आणि मार्कस फेल्सन या दोन अमेरिकी अभ्यासकांनी 1979 साली हे सूत्ररूपात मांडलं. गुन्हा घडायला तीन गोष्टी एका वेळी एका जागी याव्या लागतात: करायला तयार असलेला माणूस, हाताशी येणारं सावज, आणि राखणदार नसणं. पहिली गोष्ट तुमच्या-माझ्या हातात नाही. उरलेल्या दोन बऱ्याच अंशी आहेत. 'काय उपयोग' म्हणणारा माणूस पहिल्या गोष्टीकडे बोट दाखवून बाकीच्या दोन सोडून देतो.

चोराकडे पैशापेक्षा तुटवडा असतो तो वेळेचा. दार दोन मिनिटांत, फारसा आवाज न होता उघडलं तर तो आत जातो. दहा मिनिटं लागली, धाडधाड आवाज झाला, शेजारचा दिवा लागला, की बहुतेक वेळा तो काढता पाय घेतो. त्यामुळे 'न फुटणारं घर' बांधायची गरजच नाही. दोन मिनिटांची दहा मिनिटं करायची, एवढंच काम आहे, आणि त्याला लागणारा खर्च एका मोबाईलच्या किमतीपेक्षाही पुष्कळ कमी आहे.

आता तो कोयंडा जवळून बघा. आपल्याकडच्या नव्या घरांत दार म्हणजे फ्लश डोअर: दोन पातळ प्लाय आणि मधे हलकं लाकूड. त्यावर पातळ पत्र्याचा कोयंडा, चार आखूड स्क्रूंनी बसवलेला. सुताराला घाई असेल तर स्क्रू पिळण्याऐवजी हातोडीनंच ठोकलेले. या कोयंड्यात घरमालक अडकवतो नामांकित कंपनीचं, सात-आठ लिव्हरचं, चांगल्या पैशाचं कुलूप. चोराची कटावणी त्या कुलपाला लागतसुद्धा नाही. ती कोयंड्याच्या पट्टीमागे घुसते, एक हिसका बसतो, आणि चारी स्क्रू भुसा घेऊन बाहेर येतात. सकाळी पोलिस येतात तेव्हा कुलूप जसंच्या तसं, नीट बंद अवस्थेत, उचकटलेल्या कोयंड्याला लटकलेलं असतं. कुलपानं काम चोख केलेलं असतं. ज्या लाकडावर ते टांगलं होतं, ते दगा देतं.

याच्यावरचा इलाज या गावात कुणाला सांगायला लागू नये. शिवाजी उद्यमनगरात जे हात इंजिनांचे आणि यंत्रांचे भाग बनवतात, त्यांना एक दमदार कोयंडा म्हणजे अर्ध्या तासाचं काम. पाच मिलिमीटर जाडीची पट्टी, आखूड स्क्रूंऐवजी दाराच्या आरपार जाणारे गोल डोक्याचे बोल्ट, आतल्या बाजूला दुसरी पट्टी आणि त्यावर नट. बाहेरून पान्हा लावायला जागाच नाही. चौकटीकडच्या बाजूला लांब स्क्रू किंवा अँकर बोल्ट, जे लाकूड ओलांडून भिंतीत जातील. आणि चौकटच हलत असेल, होल्डफास्ट सुटले असतील, तर गवंड्याला बोलावून आधी ते काँक्रीटमध्ये पक्के करायचे. हे सगळं मिळून काही हजारांच्या आतलं काम आहे. गल्लीतला कुठलाही फॅब्रिकेशनवाला करून देईल.

पण त्याहून सोपी गोष्ट अशी की बाहेरून दिसणारं कुलूपच नको. लोंबतं कुलूप म्हणजे 'घरात कोणी नाही' अशी दारावर लावलेली पाटी. दाराच्या अंगात बसणारं, चावीनं आतून-बाहेरून दोन्हीकडून लागणारं कुलूप घेतलं, तर बाहेरच्या माणसाला घर बंद आहे की आतली माणसं झोपलीत हे कळत नाही. मात्र नुसतं आपोआप लागणारं लॅच पुरेसं नाही, ते पत्र्याच्या तुकड्यानंही सरकतं; चावी फिरवल्यावर जाड दांडा चौकटीत शिरणारं कुलूप हवं. आणि दाराची बाहेरची कडी काढून टाका. ही सूचना फुकट आहे, तरी ती कुठल्या पत्रकात फारशी दिसत नाही. चोरटे गल्लीत शिरले की आजूबाजूच्या घरांना बाहेरून कड्या घालतात आणि मग निवांतपणे मधलं घर फोडतात, हे आपण कितीतरी बातम्यांत वाचलंय. शेजारी जागे होतात, आवाज ऐकतात, आणि आपल्याच घरात कोंडले जातात. ज्या कडीचा मालकाला वर्षातून चार दिवस उपयोग, ती चोराला मात्र नेमकी पाहिजे त्या रात्री उपयोगी पडते.

पेठांतल्या जुन्या घरांना हे कळत होतं. मंगळवार पेठेत, शिवाजी पेठेत जे थोडे वाडे उरलेत त्यांच्या दाराला आतून अडसर असायचा: भिंतीतल्या खोबणीतून ओढून घ्यायचा आणि दार झाकून पलीकडच्या खोबणीत घालायचा सागवानी दांडा. बाहेरून कितीही हिसके द्या, जोर दारावर न येता दोन्हीकडच्या भिंतींवर जायचा. तोच विचार आज लोखंडी पाइप आणि दोन आकड्यांत पाच-सातशे रुपयांत उतरवता येतो. गावाला जाताना मागचं दार, गच्चीचं दार, स्वयंपाकघरातून बोळात उघडणारं दार यांना आतून असा अडसर घालायचा आणि एकाच दारानं बाहेर पडायचं. गच्चीचं दार मी मुद्दाम म्हणतोय. खाली लोखंडी जाळीचं सेफ्टी डोअर आणि वर जिन्याला पत्र्याचं दार, त्याला बोटाएवढी खिट्टी, अशी घरं राजारामपुरीच्या गल्ल्यांपासून फुलेवाडीपर्यंत सगळीकडे आहेत. शेजारच्या इमारतीच्या गच्चीवरून एक पाऊल टाकलं की माणूस वर येतो. सरकत्या ॲल्युमिनियमच्या खिडक्यांचंही तेच. त्या बंद असतानाही कित्येकदा उचलून पट्टीतून बाहेर काढता येतात. आतल्या खाचेत मापाचा लाकडी दांडका आडवा टाकला आणि वरच्या पट्टीत एक-दोन स्क्रू असे मारले की काच उचलायला जागाच उरणार नाही, तर हे जमत नाही. याचा खर्च मी लिहितही नाही.

आता कॅमेरेवाल्यांकडे वळतो. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, ते नाकारत नाही. चौकाचौकांतल्या कॅमेऱ्यांमुळे पोलिसांना दुचाकीचा माग काढता येतो, आरोपी सापडतात. रस्त्यावरचा कॅमेरा हे सार्वजनिक काम आहे आणि ते व्हायलाच हवं. पण घरावरचा कॅमेरा राखणदार म्हणून विकला जातो, आणि तिथं माझा आक्षेप आहे. कॅमेरा बघतो, अडवत नाही. रात्री अडीच वाजता तोंडाला रुमाल बांधलेला माणूस आला, त्यानं आधी कॅमेऱ्याचं तोंड वर वळवलं आणि जाताना कपाटावरचा रेकॉर्डरही उचलून नेला, तर तुमच्याकडे काय उरतं? मोबाईलवर सूचना येते म्हणावं, तर पुण्याला लग्नाच्या मांडवात असलेला माणूस ती सकाळी बघतो. चार दिवस मांजर आणि पाल बघून त्यानं सूचनेचा आवाज बंद केलेला असतो, हे वेगळंच.

हे माझं एकट्याचं मत नाही. ब्रिटनमधल्या नॉटिंगहॅम ट्रेंट विद्यापीठातल्या अभ्यासकांनी इंग्लंड आणि वेल्सच्या गुन्हे-सर्वेक्षणाची आकडेवारी तपासून कुठलं साधन किती उपयोगी पडतं याचा हिशोब मांडला. सगळ्यात जास्त संरक्षण देणारा संच निघाला तो असा: खिडक्यांना कुलपं, घरातला आपोआप लागणारा दिवा, दाराला दुहेरी किंवा दांड्याचं कुलूप, आणि बाहेर दिवा. म्हणजे चारही गोष्टी इलेक्ट्रिकवाला आणि सुतार यांच्या आवाक्यातल्या. आणि नुसता भोंगा बसवलेल्या घरांना त्यापासून संरक्षण मिळाल्याचं दिसलं नाही. यंत्र असलं की माणूस बाकीच्या गोष्टींकडे काणाडोळा करतो, असं मला वाटतं. आपल्याकडे तर हे रोज दिसतं. ज्या बंगल्याच्या कमानीवर 'आपण कॅमेऱ्याच्या निगराणीखाली आहात' असा फलक आहे, त्याच बंगल्याची चावी चपलांच्या स्टँडमध्ये, कुंडीखाली किंवा मीटरच्या पेटीत असते. चोराला या तिन्ही जागा माहीत आहेत.

दिव्याबद्दल एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. गावाला जाताना पोर्चचा दिवा चालू ठेवून जायची आपली पद्धत आहे. रात्री तो ठीक दिसतो. पण सकाळी अकरा वाजता जळणारा दिवा रस्त्यावरच्या प्रत्येकाला सांगतो की तो विझवायला घरात कोणी नाही. अंधार पडल्यावर लागणारा आणि उजाडल्यावर विझणारा बल्ब दोन-चारशे रुपयांत मिळतो. एक बाहेर आणि एक आतल्या खोलीत टायमरवर, संध्याकाळी सात ते साडेदहा. पुरे.

मात्र या सगळ्यापेक्षा मोठी राखण माणसांची असते, आणि कोल्हापूरला ती वारशानं मिळालेली आहे. जुन्या पेठांत तालमीच्या कट्ट्यावर रात्री बारा-एकपर्यंत पोरं बसलेली असतात. पाटाकडील असो, खंडोबा असो, दिलबहार असो; फुटबॉलच्या गप्पा मारत बसलेल्या त्या पोरांना गल्लीत कोण कुणाकडे येतंय हे न बघताही कळतं. ती राखण करायला बसलेली नसतात, पण राखण होते. जेन जेकब्ज या अमेरिकी लेखिकेनं 1961 साली शहरांवरच्या आपल्या पुस्तकात रस्त्यावरच्या अशा नजरांचं मोल मांडलं होतं. आपल्या पेठांतल्या माणसाला ते पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं. उपनगरांत गेलो तेव्हा प्लॉट मोठे झाले, कंपाउंड सहा फुटांचं झालं, आणि शेजाऱ्याचा फोन नंबरही नाही अशी वेळ आली. उंच कंपाउंडनं चोर थांबत नाही. एकदा आत उडी मारली की तो रस्त्यावरून दिसत नाही, म्हणजे ती भिंत त्याच्याच उपयोगाची. कंपाउंड कमरेइतकं ठेवून वर जाळी लावली तर खर्चही कमी येतो आणि दारही दिसतं.

दूध आणि पेपर बंद करून जा, असा सल्ला नेहमी दिला जातो. मला तो अर्धवट वाटतो. बंद करायचं म्हणजे 'आम्ही आठ दिवस नाही' हे आणखी चार जणांना सांगायचं. त्यापेक्षा शेजारणीला सांगा: वहिनी, गोकुळची पिशवी आणि पेपर तुम्हीच घ्या, दूध वापरून टाका. रोज सकाळी दोन मिनिटं गेट उघडून आत या. आणि शक्य असेल तर सडा मारताना आमच्याही दारात थोडं पाणी टाका, चार ठिपक्यांची रांगोळी काढा. ज्या दारासमोर आज सकाळची ओली रांगोळी आहे ते घर बंद आहे, असं रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाला वाटत नाही. त्याच्या शेजारच्या, पाचोळा साठलेल्या दाराकडे बघितलं की फरक कळतो. ही राखण एका चिमूट रांगोळीत होते, आणि तिला परतफेड एवढीच की त्या गावाला गेल्या की तुम्ही त्यांचं अंगण झाडायचं.

उलट, आपण काय करतो? सहकुटुंब गोव्याला निघालो की गाडी कागलच्या पुढं जायच्या आत स्टेटस पडलेलं असतं. जोतिबाच्या चैत्र यात्रेला, मुलीच्या लग्नाला, मे महिन्याच्या सुट्टीला, प्रत्येक वेळी. फोटो परत आल्यावर टाकला तर त्याची मजा कमी होत नाही.

इथं एका अपप्रवृत्तीबद्दल बोललंच पाहिजे. घरफोडी झाली की 'बाहेरचे लोक' हा शब्द लगेच येतो. पाल टाकून राहिलेली कुटुंबं, भंगार गोळा करणाऱ्या बाया, परराज्यातले बांधकाम मजूर, आणि जातीचं नाव घेऊन पारधी. गल्लीचा ग्रुप संशयाच्या फोटोंनी भरून जातो. एखाद्या फेरीवाल्याला गाठून मारहाणही होते. याला कुणी सुरक्षा म्हणत असेल तर त्यानं या शहराचा इतिहास वाचावा. इंग्रजांनी 1871 च्या कायद्यानं जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या, आणि तो कलंक कागदोपत्री पुसायला 31 ऑगस्ट 1952 उजाडावा लागला. पण त्याच्या कितीतरी आधी, 1918 साली, राजर्षी शाहू महाराजांनी करवीर संस्थानात महार, मांग, रामोशी, बेरड यांच्यावर लादलेली हजेरीची पद्धत बंद केली. ज्या फासेपारध्यांना दुनिया चोर म्हणत होती त्यांना त्यांनी आपल्या पदरी नोकऱ्या दिल्या, पहाऱ्यावर नेमलं. त्या राजाच्या गावात जात बघून संशय घ्यायचा, ही शरमेची गोष्ट आहे. शिवाय असा संशय बिनकामाचा आहे. तुमची नजर पालावर खिळलेली असते तेव्हा नीटनेटक्या कपड्यांत, हेल्मेट घालून दुचाकीवर आलेला माणूस तुमच्या समोरून जातो. विचारायचं असेल तर प्रत्येक अनोळखी माणसाला, एकाच सुरात, साधं विचारा: "कुणाकडं जायचंय, पाव्हणं?" पाहुणा असेल तर त्याला पत्ता सापडतो, चोर असेल तर त्याला कळतं की आपल्याला बघितलंय.

आता पोलिसांचा मुद्दा. 'आम्ही कर भरतो, राखण करणं हे पोलिसांचं काम, आम्ही कोयंडे का बदलायचे?' हा युक्तिवाद ऐकायला रास्त आहे. गस्त वाढली पाहिजे, ठाण्यांत माणसं पुरेशी पाहिजेत, तक्रार घ्यायला टाळाटाळ होता कामा नये, याबद्दल दुमत नाही. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या कायद्यानं तर हद्दीचा वाद न घालता कुठल्याही ठाण्यानं गुन्हा नोंदवून घेणं बंधनकारक केलंय. तो हक्क मागून घ्यावा. शिक्षा कडक करा म्हणणाऱ्यांनी मात्र कायदा उघडून बघावा. रात्री घर फोडून चोरी करण्याच्या हेतूनं शिरणाऱ्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम 331 खाली चौदा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि आधीच्या दंड संहितेतही ती तेवढीच होती. शिक्षेच्या आकड्यानं कोयंडा घट्ट होत नाही. आणि चोरी झाल्यानंतर पोलिस कितीही प्रामाणिकपणे धावले तरी सोन्याची विल्हेवाट लावण्याची घाई चोरालाच जास्त असते: काही तासांत दागिना वितळून त्याची लगड होते, आणि लगडीवर कुणाचं नाव नसतं. आपल्याच जिल्ह्यातलं वारणानगरचं प्रकरण आठवा. 2016 साली तिथल्या शिक्षक कॉलनीतल्या एका खोलीतून कोट्यवधींची रोकड चोरीला गेली, आणि पुढं त्याच प्रकरणात तपास करणाऱ्या सांगलीच्या पोलिसांवरच नऊ कोटींहून अधिक रक्कम लंपास केल्याचा गुन्हा दाखल झाला. यावरून सगळं खातं वाईट ठरत नाही. पण घरात घबाड ठेवायचं आणि पुढचं पोलिस बघतील म्हणायचं, हा मार्ग किती बेभरवशाचा आहे ते यातून दिसतं.

घबाड मोठं असायलाही लागत नाही. 2025 मध्ये दहा ग्रॅम सोन्यानं लाखाचा टप्पा ओलांडला. म्हणजे कपाटातला एक साज, एक ठुशी, दोन पाटल्या एवढ्यावर मध्यमवर्गीय घराची आयुष्यभराची शिल्लक आली. ती आपण ठेवतो कुठं? लोखंडी कपाटाच्या आतल्या खणात, आणि त्या खणाची चावी त्याच कपाटात साड्यांच्या घडीखाली. चोर थेट बेडरूममध्ये जातो कारण निम्म्या महाराष्ट्राचं सोनं तिथं आहे. बँकेत लॉकर घ्या. तिथंही डोळे उघडे ठेवा: रिझर्व्ह बँकेच्या 1 जानेवारी 2022 पासूनच्या नियमांप्रमाणे आग, चोरी, दरोडा किंवा कर्मचाऱ्याची लबाडी यात लॉकरमधला माल गेला तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पट एवढीच आहे. भाडं दोन हजार असेल तर दोन लाख. तरीही घरच्या खणापेक्षा तो खण कितीतरी पक्का. आणि प्रत्येक दागिन्याचा फोटो, वजन, गुजरीतल्या सराफाची पावती हे घराबाहेर दुसरीकडे एक प्रत करून ठेवा. चोर सापडला, माल सापडला, तरी तो आपलाच आहे हे कोर्टात सांगताना नुसती आठवण पुरत नाही.

या सगळ्यावर एक आक्षेप येतो आणि तो मला मनापासून महत्त्वाचा वाटतो. 'म्हणजे ज्याच्याकडे चोरी झाली तोच दोषी?' मुळीच नाही. दोष चोराचा, पूर्णपणे चोराचा. ज्या बाईचं स्त्रीधन गेलंय तिला कोयंड्याबद्दल सुनावणं हा निर्दयपणा आहे. माझा रोख तिच्याकडे नाही. घर बांधून देणाऱ्यानं ते फ्लश डोअर आणि ते आखूड स्क्रू लावले. बांधकाम परवानगीच्या वेळी पार्किंग विचारलं गेलं, दाराची चौकट कशी आहे हे कुणी विचारलं नाही. नेदरलँड्समध्ये 1999 पासून नव्या घरांची दारं-खिडक्या घरफोडीला दाद न देणाऱ्याच असाव्यात असा नियम झाला. बेन वोलार्ड आणि यान व्हान ऊर्स या अर्थशास्त्रज्ञांनी नंतर तपासलं, तेव्हा त्या नियमाखाली बांधलेल्या घरांत घरफोडीचा धोका सुमारे 26 टक्क्यांनी कमी झालेला आढळला. तिथं हे काम घरमालकाच्या सावधपणावर सोडलं नव्हतं. कोल्हापूर महापालिका आणि इथले बांधकाम व्यावसायिक यांच्याकडे आपण हीच मागणी करायला हवी: घराच्या ताब्यासोबत मजबूत दार आणि दांड्याचं कुलूप. लाखोंच्या फ्लॅटमध्ये तो खर्च जाणवणारही नाही.

आणि पुराचं काय? हा प्रश्न कोल्हापूरकरच विचारू शकतो. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेनं 43 फुटांची धोका पातळी ओलांडली की गल्ल्याच्या गल्ल्या एकदम रिकाम्या करायच्या असतात. 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि 2021 च्या जुलैमध्ये आपण ते भोगलं. घर सोडा म्हटल्यावर पाय निघत नाही, त्याचं एक कारण जनावरं आणि दुसरं 'मागं घर कुणी बघायचं' ही काळजी. या भीतीपायी माणूस वरच्या मजल्यावर अडकून बसतो आणि जीव धोक्यात घालतो. अशा वेळी कॅमेऱ्याचं पितळ पूर्ण उघडं पडतं, कारण पाणी चढलं की आधी वीज बंद होते. उपयोगी पडतो तो आतून घातलेला अडसर, आधीच लॉकरमध्ये गेलेलं सोनं, पिशवीत घेतलेली कागदपत्रं, आणि बोटीतून एक फेरी मारणारी मंडळाची पोरं. पाणी येण्याआधी जूनमध्येच ही तयारी केली तर स्थलांतराला होकार देणं सोपं जातं.

शेवटचा आक्षेप चलाख आहे: 'तुम्ही दार पक्कं केलंत तर चोर शेजाऱ्याकडे जाईल. यात समाजाचा काय फायदा?' याचं उत्तर इंग्लंडमधल्या किर्कहोल्टनं दिलंय. रॉचडेल गावातली ही साध्या कामगारांची वसाहत. 1985 साली तिथं सुमारे चारातल्या एका घरात घरफोडी होत होती. अभ्यासकांना दिसलं की एकदा फुटलेलं घर पुन्हा फुटण्याची शक्यता इतरांपेक्षा कितीतरी जास्त. मग त्यांनी सगळ्या वसाहतीवर थोडं थोडं खर्च करण्याऐवजी नुकत्याच फुटलेल्या घरांपासून सुरुवात केली. दारं-खिडक्या पक्क्या केल्या, नाणी टाकून चालणारे विजेचे आणि गॅसचे मीटर, ज्यातले पैसे चोर नेत, ते काढले, आणि त्या घराभोवतीच्या पाच-सहा शेजाऱ्यांना लक्ष ठेवायला सांगितलं. तीन वर्षांत वसाहतीतल्या घरफोड्या सुमारे तीन-चतुर्थांशांनी घटल्या. चोर एका घरातून हुसकला आणि दुसऱ्यात शिरला असं झालं असतं, तर हा आकडा एवढा खाली आलाच नसता.

आपल्याकडे घर फुटल्यावर काय होतं? श्वानपथक येतं, ठसे घेतले जातात, पंचनामा होतो, आणि दोन दिवसांनी सुतार येऊन तोच कोयंडा त्याच फाटलेल्या लाकडावर थोडे लांब स्क्रू घालून पुन्हा बसवतो. त्या आठवड्यात त्या घराला पहिली मदत मिळाली पाहिजे ती फॅब्रिकेशनवाल्याची, आणि खर्चाची वाटणी गल्लीनं करावी. त्यानंतर जिथं म्हातारा-म्हातारी दोघंच राहतात आणि मुलं पुण्याला किंवा परदेशात आहेत, अशी घरं घ्यावीत. गणेशोत्सवाची वर्गणी गोळा करणारी मंडळं आणि तालमी हे काम सहज करू शकतात. दिवाळीच्या सुट्टीआधी एका रविवारी ड्रिल मशीन, पट्ट्या आणि बोल्ट घेऊन गल्लीच्या एका टोकापासून सुरुवात करावी. बाहेरच्या कड्या काढाव्यात, गच्चीची दारं तपासावीत, शेजाऱ्यांचे नंबर आणि 112 प्रत्येकाच्या फ्रीजवर चिकटवावेत. शिवाजी उद्यमनगरातल्या दोन कारखानदारांनी पट्ट्यांचं लोखंड दिलं तर एका पेठेचं काम होईल.